अभिरुचीची घडण : खांडेकर, आनंद यादव आणि कोल्हापूर परिसरातील वाचक

वाचकाची अभिरुची पायरीपायरीने उंचावते आणि वरची पायरी गाठल्यावर खालची विसरायची असते, असे आपल्या अध्यापनात सहसा गृहीत धरले जाते. कोल्हापूर परिसराच्या संदर्भात हे गृहीतक तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

शिरोड्यातील अध्यापनानंतर वि. स. खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरास आले. ना. सी. फडके त्या काळी येथीलच राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. म्हणजे ‘जीवनासाठी कला’ व ‘कलेसाठी कला’ या वादाचे दोन्ही प्रमुख पक्ष एकाच नगरीत नांदत होते. पुढे ‘ययाति’कार (१९५९) खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. तरीही अलंकारप्रचुर भाषा, सुभाषितवजा वाक्ये व स्वप्नाळू ध्येयवाद हे आक्षेप त्यांच्यावर घेतले गेले. ते निराधार नाहीत.

कोल्हापूरनजीकच्या कागलचे आनंद यादव यांनी ‘झोंबी’त (१९८७) शेतकरी कुटुंबातील मुलाची शिक्षणासाठीची झुंज मांडली. या कृतीस १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपले घर, आपली बोली आणि आपले दारिद्र्य हे साहित्याचे विषय होऊ शकतात, याची खात्री तिने ग्रामीण वाचकाला दिली.

मात्र ‘झोंबी’ने ‘ययाति’ला बाद केले, असे म्हणता येत नाही. ‘ययाति’त तीच कथा ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगतात. एकाच निवेदकावर विसंबू नये, हा वाचनाचा संस्कार येथे नकळत होतो. ‘झोंबी’तील वडिलांकडे केवळ खलपुरुष म्हणून न पाहता, कष्टाने पिचलेला माणूस म्हणून पाहण्यास तोच संस्कार उपयोगी पडतो. खांडेकर वाचकाला जगण्याविषयीचे प्रश्न देतात, तर यादव ते प्रश्न त्याच्या उंबऱ्याशी आणतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. खांडेकर आवडतात असे सांगणाऱ्या प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला प्रस्तुत लेखकाने वर्गात त्यांच्या मर्यादाच ऐकवल्या होत्या. त्या विद्यार्थ्याने नंतर कोणत्याही पुस्तकाविषयी मत दिले नाही.

सारांश, अभिरुची ही पायऱ्यांची नसून थरांची रचना आहे. पहिल्या आवडीची लाज वाटायला लावणारे अध्यापन अभिरुची घडवीत नाही, ते वाचकालाच गमावते. तेव्हा ‘काय वाचावे’ हे सांगण्याआधी ‘काय वाचले व का आवडले’ हे विचारणे, ही साहित्याच्या अध्यापकाची पहिली जबाबदारी ठरते.