न वाचता येणारा ग्रंथ : शू बिंग यांची काष्ठमुद्रा

समकालीन चिनी काष्ठमुद्राचित्रांवर लिहिताना ड्रॅगन, कमळ, द्वारदेवता अशा प्रतिमांची यादी करावयाची आणि प्रत्येकीपुढे एकेक सांस्कृतिक अर्थ मांडावयाचा, अशी एक सोयीची पद्धत आहे. शू बिंग (जन्म १९५५) यांच्या 'तिअन शू' ऊर्फ 'आकाशाचा ग्रंथ' या कृतीपुढे ही पद्धत निरुपाय होते. १९८७ मध्ये आरंभलेली आणि १९८८ मध्ये बीजिंगला प्रथम प्रदर्शित झालेली ही कृती म्हणजे केवळ अक्षरे. स्वतः रचलेली सुमारे ४,००० चिन्हे शू बिंग यांनी लाकडावर उलटी कोरली, ते खिळे जुळवून पृष्ठे छापली आणि जुन्या रीतीने दोऱ्याने शिवलेले ग्रंथ सिद्ध केले. या चिन्हांना उच्चार नाही, अर्थ नाही. हा विनोद असेल तर त्यासाठी इतकी वर्षे खपणारा विनोदकार विरळाच.

चिन्हिताविना चिन्हक, अशी या कृतीची उपपत्ती लावणे मोहाचे आहे. परंतु ती अपुरी आहे. पाणी, वृक्ष, मनुष्य सुचविणारे जे घटक खऱ्या चिनी अक्षरांत असतात, तेच येथेही आहेत. अक्षरांचे वळण सोंगकालीन छपाईचे आहे. मूळ संहिता मोठ्या अक्षरांत व टीका बारीक अक्षरांत, ही पृष्ठरचनाही परिचित आहे. त्यामुळे सुशिक्षित चिनी वाचकाला प्रथम संशय येतो तो स्वतःच्या विद्वत्तेचा. येथे अर्थाचे आश्वासन दिले जाते आणि मोडले जाते. मात्र ज्याला ते दिलेलेच नाही, त्याला मोडल्याची वेदना कोठून होणार? चिनी न जाणणाऱ्या आपल्याला तर कोणताही चिनी ग्रंथ सारखाच बंद. तेव्हा 'भाषेची पोकळी' या निष्कर्षाला आपण ज्या तत्परतेने मान डोलावतो, ती तत्परता संशयास्पद मानली पाहिजे.

या प्रतीकाचे मूळ चिनी काष्ठमुद्रेच्याच इतिहासात शोधावे लागते. १९३१ मध्ये लू शुन यांनी शांघाय येथे काष्ठमुद्रेचा वर्ग भरविला आणि केथे कोलविट्झ यांची चित्रे तरुण चित्रकारांपुढे ठेवली. पुढे यानआनमध्ये गू युआन यांच्यासारख्या चित्रकारांनी चेहऱ्यांवरील युरोपीय छायांकन सोडून नववर्षाच्या लोकचित्रांतील स्वच्छ रेषा स्वीकारली, कारण शेतकऱ्यांना अर्धे काळे चेहरे रुचेनात. निरक्षरालाही कळावे, हे या कलेने घेतलेले व्रत होते. शू बिंग याच परंपरेत, बीजिंगच्या केंद्रीय ललितकला अकादमीच्या मुद्राचित्रण विभागात, शिकले. आणि त्याच कोरणीने त्यांनी साक्षराला निरक्षर केले. १९५६ च्या लिपीसुलभीकरणानंतर आणि १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीतील घोषणाफलकांनंतर या उलथापालथीचा रोख कोणाकडे आहे, हे त्यांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

१९८९ नंतरच्या वातावरणात या कृतीवर टीका झाली, ती 'भुताने घातलेली भिंत' या चिनी वाक्प्रचाराच्या आधारे. रात्री वाटसरू त्याच त्या जागी फिरत राहतो, तो हा प्रकार, आपल्याकडचा चकवा. वाचकाच्या अनुभवाचे याहून अचूक वर्णन प्रशंसकांनाही साधलेले नाही. टीकाकार चुकले ते चकवा चित्रकाराला लागला असे मानण्यात. १९९० मध्ये शू बिंग यांनी चीनच्या महाभिंतीच्या एका भागावर कागद चढवून तिचा ठसा घेतला आणि त्या कृतीला नाव दिले तेच : 'भुताने घातलेली भिंत'.