सोनं झालं नाही, नाटक झालं

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक करायचो. हवं तसं रीडिंग आलं की तो 'रिझल्ट', नाही आलं की 'मशीनचा प्रॉब्लेम'. गाईडनी एकदा शांतपणे विचारलं, "तुझं म्हणणं खोटं ठरवेल असं रीडिंग कोणतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवा ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला.

स्ट्रिंडबर्ग (१८४९–१९१२) हा स्वीडिश नाटककार. त्याच्या 'मिस ज्युली'मध्ये (१८८८) प्रत्येक कृतीला कारण आहे: आनुवंशिकता, संगोपन, वर्ग, ती विशिष्ट रात्र. पण १८९४ नंतर पॅरिसमध्ये हाच माणूस किमयेच्या नादी लागला. गंधक हे मूलद्रव्य नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं, लोखंडाच्या क्षारांतून सोनं काढायचं होतं. हात इतके खराब झाले की दवाखान्यात राहावं लागलं. जमिनीवर पडलेल्या काटक्यांत त्याला अक्षरं दिसू लागली. पुढे तो स्वीडनबोर्ग वाचू लागला. स्वीडनबोर्ग एकेकाळी स्वीडनच्या खाणखात्यातला अधिकारी, आणि नंतर गूढवादी. दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूची अदृश्य जगात जोडी असते, असं त्याचं म्हणणं.

केमिस्ट्रीवाला म्हणून माझं मत सरळ आहे: ही केमिस्ट्री टाकाऊ होती. जिथे कुठलाही योगायोग पुरावा ठरतो, तिथे काहीच खोटं ठरू शकत नाही. मग प्रयोग करायचा तरी कशाला?

पण मजा अशी की प्रयोगशाळेत नापास झालेली हीच सवय रंगमंचावर कामाची ठरली. 'दमास्कसकडे'च्या पहिल्या भागात (१८९८) प्रवेश एका वेड्यांच्या आश्रमापर्यंत जातात आणि त्याच ठिकाणांवरून उलट्या क्रमाने परत येतात. 'स्वप्ननाटका'त (१९०१) एक झाड वकिलाच्या कचेरीत कोट टांगायचा स्टँड होतं आणि चर्चमध्ये मेणबत्त्यांचा दीपवृक्ष. वस्तू तीच, अर्थ बदलत जातो. कार्यकारणाची साखळी काढून टाकली तरी नाटक उभं राहतं, हे इथे दिसतं.

मात्र "गूढवादामुळे आधुनिक नाटक खोल झालं" असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. 'स्वप्ननाटका'ची नायिका चक्क इंद्राची मुलगी आहे. माणसांची दुःखं बघायला ती पृथ्वीवर उतरते. शेवटाकडे ती ब्रह्म आणि माया यांच्या आधारे जगाचं कोडं समजावते. आपल्याकडच्या वाचकाला तो भाग उसना आणि पातळ वाटतो. मला तर नाटकातला सगळ्यात कमकुवत भाग तोच वाटला, कारण तिथे उत्तर दिलंय.

याउलट ते दार बघा. नाटकभर सगळ्यांना उत्सुकता, दारामागे काय आहे? शेवटी धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक आणि कायदा या चारही विद्याशाखांच्या प्रमुखांसमोर ते उघडतं. मागे काहीच नाही. तरी भांडण चालूच! त्याआधी, पदवीदान समारंभात, गरिबांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाला डॉक्टरेट नाकारली जाते आणि डोक्यावर काट्यांचा मुकुट येतो. पाचव्या वर्षाला असलेल्या माणसाने हे रात्री एकट्याने वाचू नये.

म्हणजे काय, तर गूढवादाने नाटकाला ज्ञान दिलं नाही, मांडणी दिली. स्ट्रिंडबर्गच्या बाबतीत तरी मला असंच दिसतं. जिथे तो सांगू लागतो तिथे प्रवचन होतं. जिथे फक्त जोडत जातो तिथे नाटक होतं.

इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. वाचलंत तर दाराचा प्रवेश तुम्हाला कसा वाटला ते नक्की कळवा. मी तोवर कालची रीडिंग्ज पुन्हा तपासतो. त्यातलं एक फारच मनासारखं आलंय.