‘ब्लफमास्टर!’: भल्यासाठी केलेली फसवणूक

आधीच सांगते, पुढे ‘ब्लफमास्टर!’चा शेवट फोडलेला आहे. पाहिला नसेल तर पाहून या.

डिसेंबर 2005मध्ये आलेला रोहन सिप्पीचा हा सिनेमा, लेखन श्रीधर राघवनचं. गाणी अजून लोकांना आठवतात, पण चांगल्या हिंदी थ्रिलरची यादी काढली की याचं नाव क्वचितच येतं. रॉय (अभिषेक बच्चन) सराईत ठग. बिंग फुटतं, लग्न मोडतं. त्यातच डॉ. भालेराव (बोमन इराणी) सांगतात की मेंदूत गाठ आहे, दिवस थोडे उरलेत. जाण्याआधी काहीतरी चांगलं करावं म्हणून तो डिट्टूला (रितेश देशमुख) मदत करतो. डिट्टूच्या वडिलांना बुडवणाऱ्या चंद्रूला (नाना पाटेकर) फसवायचं, असा बेत. शेवटी कळतं की गाठ नव्हतीच. सगळा डाव रॉयभोवतीच रचलेला होता आणि त्यात त्याच्या जवळची माणसंही सामील होती.

इथे सनीव्हेलमध्ये आम्ही काही जणांनी मध्यंतरी तो पुन्हा पाहिला, आणि सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, दोन तास आम्ही ज्या माणसाच्या मरणाची काळजी केली ते मरणच खोटं, म्हणजे आम्हालाही उल्लू बनवलं. दुसऱ्यांचं म्हणणं, ठगांच्या सिनेमाला गेलात तर फसायलाच गेलात ना? शिवाय दुसऱ्यांदा पाहताना हा सिनेमा जास्त मजा देतो. पहिल्यांदा भडक वाटलेला नाना दुसऱ्यांदा अगदी बरोबर वाटतो, कारण तो खलनायकाचं सोंग घेतलेला माणूस रंगवत असतो.

मला दोन्ही बाजू पटतात. पण खरा वाद ट्विस्टचा नाहीच. ‘तुझ्या भल्यासाठीच तुला फसवलं’ हे माणसाने किती सहज मान्य करावं, याचा तो वाद आहे.

मानसशास्त्रात याची रीतसर चर्चा झाली आहे. 1961मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने लोकांना वाटायला लावलं की ते समोरच्याला विजेचे झटके देताहेत. झटके खोटे होते आणि समोरचा माणूस सामील होता. नंतरच्या प्रश्नावलीत उत्तर देणाऱ्यांपैकी 84 टक्के म्हणाले, भाग घेतल्याचा आनंद आहे. तरीही टीका थांबली नाही. आज इथल्या विद्यापीठांत असा प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी लागते आणि नंतर त्या माणसाला बसवून खरं काय ते सांगावं लागतं. त्याला रागवायची, ‘माझी माहिती वापरू नका’ म्हणायची मुभा असते.

आता ‘ब्लफमास्टर!’ज्या सिनेमाला सर्वात जास्त देणं लागतो तो पाहा: फाबियान बिएलिन्स्कीचा अर्जेंटिनी ‘नाइन क्वीन्स’ (2000). तिथेही ठगालाच ठकवलं जातं, पण त्याला सुधारायचा आव कुणी आणत नाही. मार्कोसला कुणी काही समजावून सांगत नाही. तो बंद पडलेल्या बँकेपाशी गर्दीत अडकून राहतो, आणि खरं काय ते फक्त आपल्याला कळतं. तो शेवट निष्ठुर आहे, पण प्रामाणिक आहे.

‘ब्लफमास्टर!’ रॉयला सगळं उलगडून सांगतो, हा त्याचा मोठेपणा. चुकतं ते पुढे. मरणाच्या दारात नेऊन परत आणलेल्या माणसाला रागवायला वेळच मिळत नाही, सिनेमा घाईने गोड शेवटाकडे वळतो. पहिल्या गटाला बोचतं ते हेच, असं मला वाटतं. त्यांना फसवल्याचा राग नाही, तो राग धरायला जागाच ठेवली नाही याचा आहे.

म्हणून सिनेमा टाकाऊ ठरत नाही. इतका नेटका रचलेला डाव आपल्याकडे फार वेळा पाहायला मिळत नाही. तेव्हा पुन्हा पाहा. फक्त या वेळी रॉयच्या बाजूने पाहा आणि मग सांगा, तुम्ही माफ केलं असतंत का?