‘लाजवंती’: बोलायचं होतं, ऐकायला कुणी नव्हतं

मी विज्ञान शाखेची, त्यामुळे कथा-कादंबऱ्या हा काही माझा प्रांत नाही. तरी ज्यांच्या पीएचडीत मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांना मी एक गोष्ट वाचायला सांगतेच: राजिंदरसिंह बेदींची उर्दू कथा ‘लाजवंती’.

काळ फाळणीचा. पळवल्या गेलेल्या बायका परत आणायला भारतात १९४९ साली कायदा झाला. त्याच्या व्याख्येत मुलगा असेल तर सोळा वर्षांखालचा, पण बाई असेल तर कोणत्याही वयाची! परत जायचंय का, हे तिला विचारण्याची अट नव्हती.

बेदींचा सुंदरलाल अशा बायकांना घरात आणि मनात जागा द्या, असं सांगत प्रभातफेऱ्या काढतो. पूर्वी तो बायकोला मारायचा. ती परत आल्यावर तिला ‘देवी’ म्हणतो, मारत नाही. तो कोण होता, कसा वागवायचा, एवढं विचारतो. ती उत्तरं देते, पण खरं सांगायला लागणार तोच हा म्हणतो, झालं गेलं सोडून दे. विषय संपला! तिला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं, हे बेदी आपल्याला कळू देतात. काय सांगायचं होतं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हा कथेचा दोष वाटला. अमृता प्रीतम यांच्या ‘पिंजर’मध्ये (१९५०) पूरोचं मन आपल्यासमोर उघडं असतं आणि परत न जाण्याचा निर्णयही तीच घेते. मग लाजवंतीच गप्प का? आता वाटतं, बेदींना दाखवायचं होतं ते तिचं गप्प बसणं नाही, तिला गप्प बसवणं. आणि तेही दुष्ट माणसाने नाही, भल्या माणसाने. ‘देवी’ म्हटलं की पुढचं ऐकावं लागत नाही. युद्धातल्या बायकांवरची पुस्तकं वाचून आपण नुसतं ‘हृदयद्रावक’ म्हणतो, तेव्हा आपणही थोडेफार सुंदरलालच असतो.

म्हणून प्रबंधात ‘यावर माहिती मिळाली नाही’ असं लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा: समोरची खरंच गप्प होती, की आपणच विषय बदलला?