पुस्तकातला चौकोन आणि खिशातले कार्ड

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हा क्यूआर कोड टिपला की 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरचे पाठाशी संबंधित साहित्य उघडते. दीक्षा २०१७ साली सुरू झाले. पुस्तकात असे कोड वापरण्याची कल्पना रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा होता. कल्पना उत्तमच आहे. आमचा आक्षेप आहे तो ती अर्ध्या वाटेवर थांबल्याबद्दल.

हा कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्यातील माहितीला दुरुस्तीच्या गणिताची जोड असते. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग पुसला गेला तरी कोड वाचता येतो. म्हणजे पानावर तेल सांडले तरी फारसे बिघडत नाही! पण मोठ्यात मोठ्या कोडात जास्तीत जास्त २९५३ बाइट मावतात. एक दशलक्ष बिट प्रतिसेकंद या दराची दहा मिनिटांची चित्रफीत असते साडेसात कोटी बाइटची, म्हणजे ७५ एमबी. तेव्हा पुस्तकात धडा नसतो, धड्याचा नुसता पत्ता असतो. भडगाव तालुक्यातल्या एखाद्या शिवारात नेट लागत नसेल तर पत्ता अचूक वाचला जातो, पण घर काही सापडत नाही.

याच खानदेशात नेट घरोघरी येण्याआधी लोक गाणी कशी वाटून घेत, हे आठवून पाहावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचे, थोडे पैसे मोजायचे आणि अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, सिनेमे भरून घ्यायचे. पुढे तीच गाणी ब्लूटूथने मित्राला. गिरणेच्या वरच्या अंगाला, मालेगावात, नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तोही हाती असलेल्या साध्या व्हिडिओ साधनांवरच. साधन स्वस्त आणि वस्तू हातात, हे या साऱ्या व्यवहाराचे मर्म. त्याची दुसरी बाजू अशी की कार्ड भरून देणाऱ्याला पैसे मिळत, गाणाऱ्याला बहुधा नाही. ती चोरीच होती, आणि शाळेने तिचा कित्ता गिरवू नये. शिकवण्यासाठी करायच्या प्रतींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलत आहे. शिक्षकांनी स्वतः केलेल्या फितींना तर अडसरच नाही.

आता थोडे गणित. चाळीस घरांनी तीच चित्रफीत नेटवरून उतरवली तर ३००० एमबी खर्ची पडतात. एकानेच उतरवून वाटली तर ७५. ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सुमारे दोन दशलक्ष बिट प्रतिसेकंद धरला तर एका प्रतीला पाच मिनिटे लागतील. पालकसभेत शिक्षकाने ती एकाला द्यावी, मग दोघांनी दोघांना, चौघांनी चौघांना. सहाव्या फेरीअखेर ६४ मोबाइलपर्यंत ती पोचू शकते, म्हणजे अर्ध्या तासात चाळीसही पालक आटोपले. (घातांक शिकवायला याहून बरे उदाहरण आम्हाला सुचलेले नाही.) मोबाइल ते मोबाइल थेट वाय-फायने पाठवले तर वेळ आणखी कमी लागतो. त्यासाठी लोकप्रिय असलेल्या शेअरइट आणि झेंडर या ॲपवर २९ जून २०२० रोजी बंदी आली, पण अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आहे.

साहित्य उतरवून नेटशिवाय पाहण्याची सोय दीक्षा ॲपमध्येही आहे. मात्र ती शोधावी लागते. पुस्तकातला चौकोन 'आत्ता, नेटवर पाहा' एवढेच सुचवतो. कोडखाली चित्रफितीची लांबी आणि आकार छापला, तर काय उतरवायचे हे शिक्षकाला आधी ठरवता येईल. प्रत्येक इयत्तेच्या साहित्याचे एक कार्ड पुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर शाळेत आले, तर तालुक्याच्या गावी जाऊन ते उतरवून आणण्याचा शिक्षकाचा हेलपाटाही वाचेल.