एका पिक्सेलचा काळा गोळा

मुंबईचा समुद्र म्हटलं की सूर्यास्त आठवतो. मरीन ड्राइव्ह, दादर, जुहू, सगळे पश्चिमेला तोंड करून बसलेले. पाण्यावरून उगवणारा सूर्य हवा असेल तर शहराच्या पाठीमागे, बंदराच्या बाजूला जावं लागतं. तो किनारा बराचसा गोदीच्या आणि नौदलाच्या भिंतींआड. म्हणून रविवारी पहाटे सगळे फोटोवाले गेटवेला जमतात. मीही नेरूळहून पहिली हार्बर लोकल पकडून जातो. (समोरून मांडव्याच्या लाँच सुटतात. माझं गाव मांडवगण फराटा, शिरूर तालुक्यातलं, समुद्रापासून लांब. मित्रांना हा विनोद अजून पुरतो.)

तिथे निघणारा फोटो तुम्ही शंभर वेळा लाईक केला असेल. खाली तांबूस पाणी, उरणच्या बाजूने वर येणारा सूर्य आणि मधोमध नांगर टाकून उभं असलेलं जहाज, काळं, कात्रीने कापून चिकटवल्यासारखं. खाली एखादं वाक्य, ‘शांतता’ किंवा ‘प्रतीक्षा’ असं काहीतरी. डिसेंबर २०२३ मध्ये मीही असा एक टाकला. माझ्या कुठल्याच फोटोला इतके लाईक आले नव्हते.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो स्टेटसवर पाहिला आणि फोन केला. “जहाज भरलंय का रिकामं?”

मला सांगता येईना. त्याच आठवड्यात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावून झालं होतंच, आता दारच बंद. आमचा लाल कांदा काढायला आलेला आणि भाव कोसळत होते. “पोर्टावर माल अडकलाय म्हणतेत. त्यातलं हे न्हाई ना?” मी समजावलं की कांद्याचे कंटेनर समोरच्या न्हावा-शेव्याहून जातात, हे जहाज दुसरंच कुठलंतरी. “दुसरं म्हंजी कुठलं?” तेही मला माहीत नव्हतं.

या प्रकारच्या फोटोंवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. भरलंय की रिकामं, हे जहाजाच्या अंगावर लिहिलेलं असतं. पोटाशी एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, प्लिमसॉल खूण. जहाजमालक मरणाचा माल भरून जुनाट जहाजं समुद्रात ढकलत, म्हणून सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या ब्रिटिश खासदाराने भांडून १८७६ मध्ये ती कायद्यात आणली. ती रेघ खलाशांच्या जिवाची रेघ आहे. सूर्योदयाच्या फोटोत ती दिसूच शकत नाही. प्रकाश जहाजाच्या मागून येतो, फोन आकाशाचा उजेड सांभाळतो आणि अलीकडची बाजू काळी पडते. नाव, बंदर, गंज, रेघ, डेकवरची माणसं, सगळं एकाच रंगात बुडतं. आपण ज्याला मूड म्हणतो तो बऱ्याचदा एवढाच असतो.

अजून एक गोष्ट. नांगरलेल्या जहाजाने रात्री पांढरा दिवा आणि दिवसा पुढच्या बाजूला एक काळा गोळा लावायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे सूर्योदय ही दिवा विझून गोळा वर चढण्याची वेळ. ‘मी थांबलोय’ हे जहाज स्वतःच्या तोंडाने सांगतं ते तेव्हा. गोळ्याचा व्यास किमान ६० सेंटिमीटर. मी हिशोब केला: जहाज दोन किलोमीटरवर असेल तर माझ्या फोनच्या फोटोत तो जेमतेम एक पिक्सेल भरतो. तो एक पिक्सेलही फोनने नॉइज समजून पुसला असावा, कारण झूम करून मला सापडला नाही. खाली मात्र मी ‘प्रतीक्षा’ लिहिलं होतं.

यावर कुणी म्हणेल, सूर्योदय काढूच नये का? काढावा की. मोनेने १८७२ मध्ये ल हाव्र बंदराचा काढला होता. ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्र १८७४ मध्ये पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत लागलं. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने त्याची टर उडवली आणि त्या टिंगलीतूनच एका चळवळीला नाव मिळालं. हे चित्र फोनवर घ्या आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य जवळजवळ गायब होतो. मोनेने सूर्याला भोवतालच्या आकाशाएवढाच उजेड दिलाय, फक्त रंग वेगळा. म्हणून तो बाकीच्यांना गिळत नाही. धुक्यात डोलकाठ्या, क्रेन, धुराडी आहेत आणि पुढे होडी वल्हवणारी माणसं. बंदर कामाला लागलेलं आहे. आमच्या फोटोत सूर्य सगळा उजेड खातो आणि जहाज नुसतं शोभेला उरतं.

अ‍ॅलन सेक्युला या अमेरिकन फोटोग्राफरने उलटा रस्ता धरला. ‘फिश स्टोरी’ (१९९५) या पुस्तकात गोद्या, कामगार, कंटेनर आणि सोबत लांबलचक मजकूर आहे. पेटीने माल झाकला आणि मालामागचे हातही, हा त्याचा मुद्दा मला पटतो. पण खरं सांगायचं तर ते पुस्तक मला जड गेलं. तिथे प्रत्येक चित्राला आधी आपली बाजू मांडायची असते.

मला जवळचा वाटला तो मुंबईच्याच कॅम्प या गटाचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३). कच्छ, सिंध, बलुचिस्तान, इराणच्या खलाशांनी लाकडी जहाजांवर स्वतःच्या मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, त्यांनीच लावलेल्या गाण्यांसकट. चित्र फुटतं, हलतं, कधी काय चाललंय तेच कळत नाही. पण कॅमेरा डेकवर आहे. इथे जहाज दुरून दिसणारा आकार नसून कुणाचंतरी घर आहे, आणि कंटाळाही घरातलाच आहे. २०२० मध्ये कोविडमुळे सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते, तेव्हाही किनाऱ्यावरून जहाजं सुंदरच दिसत असणार.

मला हे इतकं का लागलं? गाळप हंगामात लहानपणी मी अण्णांबरोबर कारखान्याच्या केनयार्डात रात्री काढल्यात. पहाटे डबल ट्रॉल्यांची रांग धुक्यात उभी असायची, बैलांच्या तोंडातून वाफ, मागे सूर्य. आज मी त्याचा रील बनवला असता. तेव्हा एवढंच कळायचं की नंबर लागला नाही तर ऊस वाळतो आणि काट्यावर वजन कमी भरतं. बैलगाडीवाल्यांची बायकापोरं तिथेच गाडीखाली झोपलेली असायची. सूर्य मागे ठेवून फोटो काढला तर ती दिसली नसती.

जानेवारीत मी गेटवेला संध्याकाळी चारला गेलो. ऊन पाठीमागून, थेट जहाजांवर. फोटो अगदीच सपाट आला: मळकं पाणी, पांढुरकं आकाश, गर्दीतल्या कुणाचीतरी टोपी. पण जहाजाचा खालचा लाल पट्टा पाण्याबाहेर बराच वर दिसत होता, आणि झूम केल्यावर मागच्या रेलिंगवर वाळत घातलेले कपडे. अण्णांना पाठवला. निर्यातबंदी अजून उठली नव्हती, उठायला मे उजाडला.

त्यांचा व्हॉइस मेसेज आला. “रिकामंय. कपडे कुणाचे रे?”