थकीत पाणीपट्टी, नळतोडणी आणि पर्यायांचे संशोधन : अर्थसाहाय्याच्या दिशेची चिकित्सा

प्रस्तावना :
पाणीपट्टी थकली की नळजोडणी तोडायची, हा वसुलीचा सर्वपरिचित मार्ग आहे. पाणीपुरवठा यंत्रणा पाणीपट्टीवर चालते; त्यामुळे वसुलीची गरज नाकारता येत नाही. मात्र पैसे न देणारा आणि देऊ न शकणारा यांतील भेद ही कारवाई जाणत नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी हा मानवी हक्क मानला. त्यानंतरही अमेरिकेत नळतोडणी चालूच राहिली. प्रस्तुत लेखात तेथील अनुभवाच्या आधारे पर्यायांच्या संशोधनाला मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची चिकित्सा करण्यात आली आहे.

डेट्रॉइटचा अनुभव :
लोकसंख्या घटल्याने डेट्रॉइटमध्ये जुन्या जलवाहिन्यांचा खर्च उरलेल्या, बहुतांशी गरीब रहिवाशांवर पडला. २००५ मध्येच रॉजर कोल्टन यांनी तेथे उत्पन्नाशी निगडित पाणीपट्टीची योजना सुचविली होती; ती मूळ स्वरूपात अमलात आली नाही. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१४ मध्ये हजारो घरांचे पाणी तोडण्यात आले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भेट दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी यावर कठोर टीका केली. उत्पन्नानुसार ठरावीक देयक आकारणारी योजना शहरात आली ती २०२२ मध्ये. याउलट फिलाडेल्फियाने २०१७ पासून पात्र कुटुंबांचे देयक उत्पन्नाच्या साधारणतः २ ते ४ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. म्हणजे उणीव कल्पनेची नव्हती; कल्पना प्रत्यक्षात पारखून पाहण्याची होती.

अर्थसाहाय्याची दिशा :
कोरोनाकाळात अमेरिकी संघशासनाने पाणीपट्टीच्या मदतीसाठी सुमारे १.१ अब्ज डॉलर दिले. या निधीने थकबाकी फेडली गेली. थकबाकी निर्माण करणारी दररचना मात्र तशीच राहिली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने गरजेचा अभ्यास आणि पथदर्शी साहाय्य कार्यक्रम अशा दोन्ही बाबींना मान्यता दिली. पैकी अभ्यास पूर्ण झाला. डिसेंबर २०२४ च्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अहवालानुसार १.२१ ते १.९२ कोटी कुटुंबांना पाणीपट्टी परवडत नाही. पथदर्शी कार्यक्रमाला मात्र तोपर्यंत निधीच मिळाला नव्हता. गरिबांची मोजदाद झाली, उपायांची कसोटी राहून गेली.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. पर्यायाला 'हे परवडेल काय?' असे विचारले जाते. नळतोडणीला तो प्रश्न कोणी विचारीत नाही. जोडणी तोडण्याचा व पुन्हा देण्याचा खर्च, आजारपण, घर सोडावे लागणे या गोष्टी वसुलीच्या हिशेबात येत नाहीत. तोडलेल्या जोडण्यांची देशव्यापी सक्तीची नोंदही अमेरिकेत नाही. मग तुलना कशाशी करावयाची?

पर्यायाची कसोटी :
प्रत्येक पर्याय न्याय्यच असतो असेही नाही. जोहान्सबर्गच्या सोवेटो भागात आगाऊ पैसे भरावयाचे मीटर बसविण्यात आले. दरमहा ६ किलोलिटर मोफत पाणी संपले आणि पैसे भरले नाहीत, की पुरवठा आपोआप थांबे. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये ही व्यवस्था वैध ठरविली. तरीही तोडणाऱ्या कर्मचाऱ्याची जागा यंत्राने घेतली, एवढाच तिचा अर्थ उरतो. इंग्लंड व वेल्समध्ये मात्र १९९९ च्या कायद्याने थकबाकीपोटी घरगुती पाणी तोडण्यास मनाई केली. तेथे वसुली अन्य कायदेशीर मार्गांनी होते आणि पाणीपुरवठा व्यवसाय चालू आहे.

निष्कर्ष :
वसूल झालेली रक्कम एवढाच निकष ठेवल्यास संशोधन यंत्राच्या बाजूने झुकेल. म्हणून अर्थसाहाय्य देताना तीन अटी आवश्यक ठरतात : नळतोडणीच्या संपूर्ण खर्चाचा हिशेब, तोडलेल्या जोडण्यांची खुली नोंद आणि घरात पाणी अखंड राहिले की नाही हा पहिला निकष. नळतोडणीला कोणत्याही संशोधनाविना मान्यता मिळाली. पुराव्याचा भार केवळ पर्यायांवर टाकणे न्यायाला धरून नाही.